रक्ताची परीक्षा आणि 'द थिंग'

आमच्या अभ्यासमंडळात गेल्या पावसाळ्यात जॉन कारपेंटर यांचा 'द थिंग' (१९८२) हा चित्रपट मी दाखवला. एका जुन्या कार्यकर्त्याने आधीच विचारले होते, "भयपटाशी आपला काय संबंध?" आक्षेप रास्त होता. भुताखेतांच्या गोष्टींनी आपल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या अंधारात ठेवले आहे. तरीही मी हा चित्रपट का निवडला, ते येथे मांडतो.

कथा थोडक्यात अशी. अंटार्क्टिकातील अमेरिकन संशोधन-तळावर बारा पुरुष आहेत. एका कुत्र्यामागे नॉर्वेचे हेलिकॉप्टर लागते. त्यातला माणूस ओरडून धोका सांगत असतो, पण त्याची भाषा येथे कोणाला येत नाही. तो गोळी खाऊन मरतो आणि कुत्रा आत घेतला जातो. त्या कुत्र्यात परग्रहावरचा एक जीव दडलेला आहे. तो ज्याला ग्रासतो, त्याचे हुबेहूब रूप घेतो. आता शेजारी बसलेला माणूस माणूसच आहे कशावरून? बाहेर बर्फ, आत संशय आणि एन्यो मोरिकोने यांचे संथ, ठोक्यासारखे संगीत. एवढ्यावर हा चित्रपट उभा आहे.

या विश्वाला माणसाची पर्वा नाही, या जाणिवेतून येणाऱ्या भयाची इंग्रजीत एक परंपरा आहे. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) हा तिचा मोठा लेखक. तो कडवा वर्णद्वेष्टा होता. परदेशातून आलेले कष्टकरी आणि मिश्र रक्ताची माणसे यांच्याविषयीची त्याची किळस त्याच्या कथांत राक्षसांचे रूप घेऊन येते. 'द थिंग' ज्या दीर्घकथेवर आधारलेला आहे, ती १९३८ साली जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल याने लिहिली. पुढे संपादक म्हणून त्याने गुलामगिरीचे समर्थन केले. त्याच्या नावाच्या पुरस्काराचे नाव २०१९ साली बदलावे लागले, ते याच कारणाने. तेव्हा प्रश्न असा की, विश्वाचे भय म्हणून जे आपल्यापुढे ठेवले जाते, ते खरोखर विश्वाचे आहे, की वरच्या माणसाला खालच्या माणसाच्या स्पर्शाचे वाटणारे भय आहे? बाहेरचा आत येईल, आपले रक्त बाटवील आणि ओळखू येणार नाही, ही भीती आपल्याला नवी नाही. तिच्यावर आपल्याकडे शास्त्रे रचली गेली.

पण कलाकृती आपल्या उगमाशी प्रामाणिक राहतेच असे नाही. कारपेंटरच्या चित्रपटाचे महत्त्व मला येथे वाटते. त्याचा गाभा म्हणजे रक्तपरीक्षेचा प्रसंग. मॅकरेडी हा वैमानिक सोबत्यांना बांधून घालतो, प्रत्येकाचे रक्त काचेच्या बशीत घेतो आणि त्यात तापलेली तार बुडवतो. काही वेळापूर्वी त्याच्यावरही संशय होता, त्यालाही थंडीत बाहेर ठेवले होते. मग परीक्षा घेण्याचा अधिकार त्याला आला कोठून? त्याच्या हातात आग ओकणारे यंत्र आहे, एवढेच त्याचे उत्तर. परीक्षा कोणी घ्यायची हे रक्त ठरवत नाही, ते हत्यार ठरवते.

याच प्रसंगात क्लार्क मरतो. तो कुत्र्यांची देखभाल करणारा. त्या कुत्र्याला त्याचा हात लागला, म्हणून संशय पहिल्यापासून त्याच्यावर. स्पर्शाने दोष लागतो, हे तर्कशास्त्र आपण जन्मापासून भोगतो. चाकू घेऊन तो अंगावर धावतो आणि मॅकरेडी त्याला गोळी घालतो. नंतर तार बुडवली जाते. रक्त शांत राहते. क्लार्क माणूस होता! हे सिद्ध व्हायला त्याला आधी मरावे लागले. तू खुनी ठरतोस, हे मॅकरेडीला तोंडावर सांगतो तो चाइल्ड्स. तो काळा आहे.

चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, शहरात खोली बघत होतो. मालकानं नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. ती तारच होती." यापेक्षा नेमकी समीक्षा मला करता येणार नाही.

मला तेव्हा बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) आठवली. तिचा नायकही जात लपवून परक्या छपराखाली राहतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. मात्र येथेच मला चित्रपटाची मर्यादा दिसते. चित्रपटातला जीव दुसऱ्याला मारून त्याचे रूप घेतो. आपला माणूस नाव लपवतो तो जगण्यासाठी. तो कोणाची नक्कल नसतो, आधीपासून माणूसच असतो. पडद्यावर भय रूप घेणाऱ्याचे आहे. आपल्या आयुष्यात भय आहे ते तपासणाऱ्याचे. तपासणाऱ्याच्या बाजूने रचलेली गोष्ट बांधलेल्याच्या बाजूने पाहायची, हे काम प्रेक्षकाला स्वतः करावे लागते. या तळावर एकही स्त्री नाही, हेही नोंदवले पाहिजे. माणूस कोण, या प्रश्नातून अर्धी माणसे आधीच वगळली आहेत.

शेवटी तळ जळत असतो. मॅकरेडी आणि चाइल्ड्स, एक गोरा व एक काळा, समोरासमोर बसतात. एकाच बाटलीतून दोघे पितात. दोघांनाही दुसऱ्याची खात्री नाही, आणि आता तपासायला तार नाही. काहींना हा शेवट निराशेचा वाटतो. मला तसा तो वाटत नाही. एका भांड्यातले पाणी चालत नाही म्हणून ज्या देशात माणसे मारली गेली, तेथे ही बाटली साधी वस्तू राहत नाही. अर्थात हे दोघे तेथवर पोचले ते सगळे जळून गेल्यावर, दुसरा उपाय उरला नाही म्हणून. हे समतेचे चित्र नव्हे.

जातीला रक्ताचा आधार नाही, ती मनाची धारणा आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. म्हणून 'माझे रक्त तपासा, मी माणूस ठरेन' अशी आपली मागणी असूच शकत नाही. तार विझवा, ही आपली मागणी आहे. त्या विद्यार्थ्याला अजून खोली मिळालेली नाही.