एक चूल, एक फुंकणी : ‘एमग्लूआर सिद्धान्ता’चे मूल्यमापन

वारशाने येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेच्या कारणांत ‘फ्रॅजाइल एक्स’ हा विकार सर्वाधिक आढळतो. एक्स गुणसूत्रावरील एफएमआर१ या एकाच जनुकात हा दोष असतो. या जनुकाच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरे बहुतेकांमध्ये तीसएक वेळा येतात. ती २०० च्या वर गेली की जनुक बंद पडते आणि एफएमआरपी नावाचे प्रथिन तयारच होत नाही, हे १९९१ साली कळले. पण एका प्रथिनाच्या अभावी मुलाचे बोलणे आणि शिकणे अडते ते कसे? मार्क बेअर, किंबर्ली ह्यूबर आणि स्टीफन वॉरन यांनी जुलै २००४ मध्ये ‘ट्रेंड्स इन न्यूरोसायन्सेस’ या नियतकालिकात याचे आठ पानी उत्तर दिले. तोच ‘एमग्लूआर सिद्धान्त’. त्यानंतरच्या वीस वर्षांत त्याची परीक्षा उंदरांवर झाली, तशी माणसांवरही झाली. म्हणून त्याचा हिशेब मांडण्याची ही वेळ आहे, असे आम्हाला वाटते.

आठवण टिकण्यासाठी नवी प्रथिने लागतात, ही कल्पना जुनी आहे. प्रथिननिर्मिती थांबवणारे प्युरोमायसिन उंदरांच्या मेंदूत टोचले की शिकलेले पुसले जाते, असे फ्लेक्सनर आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवले होते. ही प्रथिने कोठे बनतात, याचा धागा १९८२ मध्ये स्टुअर्ड आणि लेव्ही यांना मिळाला. चेतापेशीच्या फांद्यांवर, थेट जोडांच्या पायथ्याशी, त्यांना रायबोसोमचे पुंजके दिसले. म्हणजे मुख्य भटारखाना केंद्रकाजवळ असला, तरी जोडाजोडापाशी एकेक छोटी चूल मांडलेली असते.

ग्लूटामेट या रसायनाचा एमग्लूआर५ हा ग्राहक म्हणजे त्या चुलीची फुंकणी. तो चेतवला की जवळपास प्रथिने बनतात आणि जोड दीर्घकाळ सैल होतो. (जोड घट्ट होणे म्हणजेच शिकणे, असे वर्गात सांगितले जाते. सैल होणेही तितकेच आवश्यक आहे.) एफएमआरपी हा जाळ आवरणारा हात. तो नसेल, तर हे सैल होणे कमी पडेल, असा ह्यूबर आणि बेअर यांचा मूळ अंदाज होता. २००२ मध्ये एफएमआरपी नसलेल्या उंदरांत दिसले ते नेमके उलट : जोड जास्तच सैल होत होते. हा उलटा निकाल बाजूला न सारता त्यावरच त्यांनी सिद्धान्त उभारला. आमच्या मते निबंधाचे खरे बळ येथे आहे. जाळ आवरणारा हात नसेल, तर फुंकणी जरा कमी मारा, एवढेच तो सांगतो. आणि तो कोठे चुकू शकेल हेही त्यातून लगेच कळते.

उंदरांत तो उत्तम टिकला. २००७ मध्ये उंदरांतील एमग्लूआर५ निम्म्यावर आणताच आवाजाने येणारे झटके आणि वाजवीपेक्षा जास्त प्रथिननिर्मिती यांसह बहुतेक दोष सुधारले. वृषणांचा वाढलेला आकार तेवढा सुधारला नाही. माणसांत मात्र निराळे घडले. नोव्हार्टिसच्या मॅव्होग्लुरंट या औषधाच्या किशोरांवरील व प्रौढांवरील १२ आठवड्यांच्या चाचण्यांत खोट्या गोळीपेक्षा जास्त लाभ दिसला नाही. कंपनीने २०१४ मध्ये या विकारासाठीचे काम थांबवले. रोशच्या औषधाचीही गत तीच झाली.

औषध उशिरा दिले, असा बचाव यावर ऐकू येतो. तो आम्हाला पुरता पटत नाही, कारण २०१२ मध्ये तरुण, वाढ झालेल्या उंदरांतही असेच औषध लागू पडले होते. चाचण्या मोजत होत्या ते मुख्यतः पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीतील वागणे. शिकण्याविषयीच्या सिद्धान्ताची परीक्षा शिकणे न मोजताच घेतली गेली, हा आक्षेप आम्हाला अधिक वजनदार वाटतो. तो दूर करणारी चाचणी पुढे झालीही. अडीच ते सहा वर्षांच्या मुलांना औषध आणि सोबत भाषेचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. २०२४ मध्ये निकाल आला : औषध घेणाऱ्या आणि खोटे औषध घेणाऱ्या, दोन्ही गटांतील मुलांनी भाषेत प्रगती केली. दोन्ही गटांच्या प्रगतीत लक्षणीय फरक नव्हता.

दोष मूळ चित्रातच शोधावा लागेल. एफएमआरपी शेकडो संदेशवाहक आरएनएंना धरते आणि काही आयन-मार्गिकांवर थेटही काम करते. फुंकणी आवरून ही सारी कामे कशी भरून निघतील? शिवाय मेंदूच्या सर्व भागांतील चुली सारख्या नाहीत. २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी भीतीशी निगडित अमिग्डाला हा भाग तपासला. तेथे जोड अतिरिक्त सैल होत नव्हते. उलट याच ग्राहकामुळे येणारी बळकटी लंगडी पडली होती. ग्राहक रोखणाऱ्या औषधाने दुसरा एक दोष सुधारला, पण ही बळकटी काही परतली नाही. सिद्धान्त मुख्यतः हिप्पोकॅम्पस या एका भागातील निरीक्षणांवर रचलेला आहे. तेथील नियम साऱ्या मेंदूला, मग साऱ्या मुलाला लावताना मधले जिने गाळले गेले.

तरीही जोडापाशी होणारी प्रथिननिर्मिती बेतात राहिली पाहिजे, हा गाभा आम्ही टाकून देणार नाही. २०११ मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या दुसऱ्या विकाराच्या उंदरांत प्रथिननिर्मिती कमी पडलेली आढळली आणि तेथे उलट, ग्राहक चेतवणारे औषध उपयोगी पडले. जाळ जास्त झाला तरी नुकसान, कमी पडला तरीही. त्या चुलीवर नेमके कोणते प्रथिन करपते, याचे उत्तर २००४ च्या निबंधात नव्हते आणि आजही ते हाती नाही.