ग्रेची विलापिका आणि त्याच्या आईचा थडगेलेख

थॉमस ग्रे याची खेड्यातील दफनभूमीवरील विलापिका १७५१ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यातील उदास सायंकाळीचेच कौतुक अधिक होत आले आहे; आपल्या महाविद्यालयांतूनही पिढ्यान्‌पिढ्या तेच झाले. परंतु या कवितेकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे, आणि ती रसिकाची नसून आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या साध्या गृहस्थाची आहे. असा मनुष्य दफनभूमीत जातो तो सुस्कारे टाकण्यासाठी नव्हे. त्याला नाव हवे असते, साल हवे असते, कोण कोणाचा कोण हे हवे असते. या रोकड्या अपेक्षेने विलापिका वाचली, तर तिच्यातील एक विसंगती चटकन डोळ्यांत भरते.

गरिबांच्या दगडांवर अडाणी हातांनी नाव आणि वर्षे तेवढी कोरलेली असतात, व कीर्तीची आणि शोकगीताची उणीव त्यांना तेवढ्यावरच भागवावी लागते, असे ग्रे सांगतो. त्याच्या सुरात अनुकंपा आहे. थोडा वरचढपणाही आहे, असे मला वाटते. आता कवितेचा शेवट पाहावा. तेथे एका तरुणाचा थडगेलेख तीन कडव्यांत दिला आहे. त्यात त्याची विद्या आहे, खिन्न वृत्ती आहे, त्याला लाभलेला मित्र आहे. नाव मात्र नाही आणि सालही नाही. अडाणी पाथरवटाने ज्या दोन गोष्टी दिल्या, नेमक्या त्याच विद्वान कवीने गाळल्या! पोपच्या थडगेलेखांची चिकित्सा करताना डॉ. जॉन्सनने, ज्याचे नावच झाकून ठेवले त्याच्याविषयी काही सांगण्याचे प्रयोजन काय, या अर्थाचा आक्षेप घेतला होता. ग्रेच्या इतर काव्यावर कठोर प्रहार करणाऱ्या त्याच जॉन्सनने विलापिकेला मात्र मोकळ्या मनाने मान दिला. काव्यात नामलोप शोभतो, दगडावर शोभत नाही, एवढाच याचा अर्थ घ्यावयाचा.

पण ग्रेने खऱ्या दगडावरही लेख लिहिला आहे, आणि माझ्या मते त्याची खरी परीक्षा तेथे आहे. बकिंगहॅमशायरमधील स्टोक पोजेस येथे त्याची मावशी मेरी अँट्रोबस १७४९ साली व आई डोरोथी १७५३ साली एकाच थडग्यात विसावल्या. मावशीविषयी मोजकी माहिती आहे : अविवाहित, मृत्यूची तारीख, वय. आईविषयी मात्र ती विधवा होती, अनेक मुलांची काळजीवाहू व प्रेमळ माता होती, आणि त्यांपैकी एकावरच तिच्या मागे उरण्याचे दुर्दैव ओढवले, असा आशय आहे. उरलेल्या त्या एकानेच हे लिहिले आहे. स्वतःचे नाव न घेता, अश्रूंचा उल्लेखही न करता. विलापिकेतील तीन कडव्यांहून हे एक गद्य वाक्य मला श्रेष्ठ वाटते.

तथापि वंशवृत्त शोधणाऱ्याच्या हाती यातून काय लागते? नवऱ्याचे नाव नाही, मुलांची नावे नाहीत, त्यांची संख्याही नाही. फिलिप ग्रे हा लंडनमध्ये दस्तऐवज लिहिण्याचा व्यवसाय करी. तो बायकोला क्रूरपणे वागवी. बहिणीबरोबर चालविलेल्या दुकानाच्या उत्पन्नावर डोरोथीने आपला व मुलाच्या शिक्षणाचा भार वाहिला, आणि अखेर कायद्याचा सल्लाही मागितला. ही हकीकत कळते ती त्या सल्ल्यासाठी लिहिलेल्या कागदावरून. दगडावर ‘विधवा’ हा एकच शब्द आहे. मुलाने बापाला शिव्याही दिल्या नाहीत आणि जागाही दिली नाही.

बारा मुलांपैकी अकरा लहानपणीच गेली. त्यांची नावे पाहावयाची तर स्टोक पोजेस सोडून लंडनच्या कॉर्नहिल भागातील चर्चच्या दफ्तराकडे वळावे लागते. इंग्लंडात प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, हा हुकूम १५३८ सालचा. पुढे कित्येक शतके नोंद किती करावयाची हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. १८१२ च्या कायद्याने १८१३ पासून छापील रकाने आले : नाव, राहण्याचे ठिकाण, दफनाचा दिवस, वय, आणि विधी करणाऱ्याची सही. भिकाऱ्यालाही एक ओळ आणि सरदारालाही एकच. ग्रेला जी समता मृत्यूत दिसली, ती कारकुनाच्या वहीत अधिक काटेकोरपणे पाळली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही. (आपल्याकडे दहनामुळे दगड उरत नाही, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून बापआजांची नावे सापडतात, आणि तेथेही गुणवर्णनाला वाव नसतो.)

तरी दफ्तरही भाबडेपणाने वाचू नये. त्यातील तारीख दफनाची असते, दगडावरील मृत्यूची. नवशिके या दोहोंची गल्लत करतात. वय मागे राहिलेल्यांनी सांगितलेले असते. बाप्तिस्म्यापूर्वी गेलेले अर्भक पुष्कळदा नोंदीत येतच नाही, आणि राजमान्य चर्चपासून फुटलेल्या पंथांचे लोक निराळ्याच भूमीत पुरलेले असतात. स्तुती खोटी असू शकते तसा कोरा रकानाही फसवू शकतो.

ग्रे १७७१ साली वारला व त्याच्या इच्छेप्रमाणे आईच्याच थडग्यात पुरला गेला. त्या थडग्यावर त्याचे नाव नाही; समोर चर्चच्या भिंतीत बसविलेली एक लहान पाटी ते सांगते. १७९९ साली शेजारच्या मैदानात जॉन पेनने त्याचे भव्य स्मारक उभारले, व त्यावर विलापिकेच्या ओळी कोरविल्या. प्रवाशांना ते दुरूनच दिसते. थडगे मात्र शोधावे लागते.