हार्डविक हॉल : काचेमागची पांघरुणं

संशोधनाला लागण्याआधी एक सवय मोडा: फोटो बघून निष्कर्ष काढण्याची. मलाही ती होती. पहिल्याच टिपणात मी डर्बीशरमधल्या हार्डविक हॉलबद्दल ‘पारदर्शक, प्रामाणिक इमारत’ असं ठोकून दिलं होतं. गाईडनी एवढंच विचारलं, “प्लॅन पाहिलास का?” पाहिला नव्हता.

हे घर एलिझाबेथ टॅल्बट, म्हणजे ‘बेस ऑफ हार्डविक’ हिने १५९० ते १५९७ या काळात बांधून घेतलं. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. समोरून बघितलं की काचच काच. वरच्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात उंच. छतावर सहा मनोरे, त्यांवर दगडात कोरलेली बेसची आद्याक्षरं. त्या काळी काच महाग, त्यामुळे श्रीमंती लांबूनच दिसायची.

आता आत चला. काही खिडक्यांमागे खोलीच नाही, धुराडं आहे! दर्शनी बाजूची सममिती बिघडू नये म्हणून ठेवलेल्या या लटक्या खिडक्या. मग १६०१ ची घरातल्या सामानाची यादी उघडा. बेसच्या निजायच्या खोलीत खिडकीवर टांगायला तीन पांघरुणं, दारावर टांगायला आणखी एक. एवढी काच म्हणजे हिवाळ्यात गारठा. थोडक्यात, जी काच बाहेरच्यांना दाखवायची, तीच आतून झाकायची.

मग ‘फसवी इमारत’ म्हणून विषय संपवायचा का? तीही घाईच. हार्डविकचं खरं धाडस प्लॅनमध्ये दिसतं. जुन्या इंग्रजी घरांत मुख्य हॉल दर्शनी भिंतीला समांतर असे आणि दार त्याच्या एका टोकाला येई. इथे हॉल घराच्या ऐन मध्यावर, समोरून थेट मागे जातो. त्यामुळे दार मधोमध आलं. इथली सममिती लटकी नाही, ती आतल्या रचनेतूनच आलीय. नुसत्या काचेचं कौतुक करणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं.

तेव्हा लक्षात ठेवा, दर्शनी भाग हा मालकाला काय दाखवायचं होतं याचा पुरावा आहे. माणसं आत कशी राहत होती, याचा नाही. त्यासाठी प्लॅन, बांधकामाचे हिशेब, सामानाच्या याद्या बघाव्या लागतात.

माझं ते वाक्य मी खोडलं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं एखादं वाक्य असेल, तर आजच शोधा. व्हायवात दुसऱ्या कुणी शोधण्यापेक्षा ते बरं.