यादीतली स्वयंपाकीण

२०२० मध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी फिरली. कोण पॉझिटिव्ह, त्यांच्याकडे कामाला कोण येतं. रुग्णांचे फक्त फ्लॅट नंबर होते. कामाच्या मावशींचं मात्र नाव होतं. मीही ती फॉरवर्ड केली. जॉर्ज सोपरचं लेखन वाचताना ती यादी सारखी आठवत होती.

सोपर न्यूयॉर्कचा सॅनिटरी इंजिनिअर. १९०६ च्या उन्हाळ्यात, ऑयस्टर बेमधल्या भाड्याच्या बंगल्यात ११ पैकी ६ जणांना टायफॉइड झाला. पाणी, दूध, शिंपले तपासून झाल्यावर त्याचं लक्ष गेलं ते तीनेक आठवडे आधी कामाला लागलेल्या स्वयंपाकिणीकडे. नोकर पुरवणाऱ्या एजन्सीकडून त्याने तिची आधीची घरं शोधली आणि एकूण २२ रुग्ण मोजले. मार्च १९०७ मध्ये मेरी मॅलन त्याला मॅनहॅटनमध्ये पार्क अव्हेन्यूवरच्या एका घरात सापडली. ती स्वतः ठणठणीत होती.

शोध म्हणून हे काम जबरदस्त आहे. माझी तक्रार त्याच्या सांगण्याबद्दल आहे. सोपर हेरकथा लिहितो, आणि हेरकथेला गुन्हेगार लागतो. लघवी-शौचाचे नमुने मागितल्यावर मेरी काटा घेऊन अंगावर आली, हा प्रसंग तो रंगवून सांगतो. अनोळखी पुरुष स्वयंपाकघरात येऊन असलं काही मागत असेल, तर बाईने काय करायचं? १९३९ च्या लेखात तर तिची चाल आणि तिचं डोकं दोन्ही पुरुषी होतं, असंही तो लिहून जातो. पण त्याच्याच लेखनात आणखी एक तपशील आहे. मेनमधल्या एका घरात बहुतेक सगळे आजारी पडले तेव्हा मेरीने राहून शुश्रूषा केली, आणि मालकाने खूश होऊन तिला पगारावर ५० डॉलर दिले. हे वाक्य त्याच्या कथेत कुठेच बसत नाही. म्हणून मला तेच सगळ्यात खरं वाटतं.

शिवाय सोपरला बोलावलं कोणी? घरमालकाने; बंगला पुन्हा भाड्याने जाईना अशी त्याला भीती होती. न्यूयॉर्कच्या चाळींमध्येही टायफॉइड होताच, पण तिथल्या तापामागे असा खासगी शोधक कोण लावणार?

जुडिथ लेव्हिटचं १९९६ चं पुस्तक हीच गोष्ट पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी सांगते: डॉक्टर, कायदा, वर्तमानपत्रं, स्वतः मेरी. मध्येमध्ये कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण १९१५ शी ते पुस्तक पळवाट काढत नाही. 'पुन्हा स्वयंपाक करणार नाही' या अटीवर सुटलेली मेरी नाव बदलून प्रसूतिगृहात स्वयंपाक करत होती. २५ जण आजारी पडले, दोघे दगावले. इथे माझी सहानुभूती अडखळते. धुणीभांडी-इस्त्रीत स्वयंपाकाइतका पैसा नव्हता, हे कळूनही अडखळते. त्यानंतर ती १९३८ मध्ये मरेपर्यंत नॉर्थ ब्रदर बेटावरच राहिली.

पुस्तक संपल्यावर मी ग्रुपमध्ये मागे स्क्रोल करत ती यादी शोधली. मावशींचं आडनावही चुकीचं लिहिलेलं होतं.