भांड्याला भांडे

दिवाळीच्या आधीच्या आठ दिवसांत आपल्या घरांतून जेवढी भांडणे होतात, तेवढी उरलेल्या वर्षात होत नसतील. भाजणी कोणी जास्त भाजली, चकलीला मोहन कोणी कमी घातले, माहेरच्यांना आधी फराळ पाठवायचा की नणंदेकडे, पाडव्याला जावयाने काय आणले आणि काय आणायला हवे होते. कारणे एवढीच असतात. पण तेवढ्यावरून घरातली दोन माणसे दोन-दोन दिवस एकमेकांशी बोलत नाहीत, आणि निरोप मुलांच्या तोंडून जातात. भाऊबीजेच्या ताटाशी सगळे पुन्हा एकत्र बसतात ते काही मिटले म्हणून नव्हे, सण आहे म्हणून. भांड्याला भांडे लागायचेच, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. पण लेखकाला तो सोडून देता येत नाही. कारण आपल्या कथा-कादंबऱ्यांचे निम्मे भांडवल हेच आहे. ते भांडवल आपण कसे वापरतो, याचा थोडा हिशोब आज मांडावा असे मनात आहे.

हा हिशोब मला एका आजींनी मांडायला लावला. आमच्या आळीत राहतात. वय सत्तरीच्या पुढे, वाचन दांडगे. माझी एक कादंबरी त्यांनी मागून नेली आणि चार दिवसांनी परत आणून दिली. मी भीतभीत विचारले, “कशी वाटली?” त्या म्हणाल्या, “चांगली लिहिलीयत मास्तर. सून वाचताना डोळ्याला पाणी आलं. पण एक विचारू? तुमची सासू तीनशे पानं नुसती बोलतेय. तिला तुम्ही एकदाही जेवायला बसवली नाहीत.”

मी घरी येऊन कादंबरी चाळली. आजींचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझी सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहत होती, टोमणे मारीत होती, किल्ल्यांचा जुडगा वाजवीत होती. पण ती कधी दमली नव्हती, तिचे गुडघे कधी दुखले नव्हते, ती कधी शिळी भाकरी खाऊन उठली नव्हती. मी एक बाई लिहिलीच नव्हती, नुसते एक तोंड लिहिले होते.

हे तोंड आपल्या कादंबरीत आले कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे मूळ एका थोर पुस्तकात आहे, आणि दोष त्या पुस्तकाचा नसून आपला आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगते: बालपण, सासर, मुंबईला नवऱ्याजवळ मिळालेले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि बळजबरीने झालेले केशवपन. हे करविणारे शंकरमामंजी मराठी कादंबरीतले अस्सल खलपुरुष आहेत. त्यांची बाजू हरिभाऊंनी मांडली नाही, आणि मांडायचे कारणही नव्हते. संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटलेला होता तो हाच काळ. तो कायदा १८९१ साली झाला. मुलीच्या देहावर आणि आयुष्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा पूर्ण ताबा असताना, ‘त्यांचेही काही म्हणणे असेल’ असे म्हणत बसणे म्हणजे भित्रेपणा झाला असता.

परंतु हरिभाऊंच्या मागून येणाऱ्या आम्ही लोकांनी त्यांचा साचा तेवढा उचलला. त्यांनी अन्यायासाठी घडविलेला साचा आम्ही कुरबुरीला लावला. चहात साखर कमी पडली तरी आमची सासू शंकरमामंजींची बहीण शोभावी अशी बोलू लागली, आणि सून भाजी चिरता चिरता यमूच्या तोलाचे अश्रू ढाळू लागली. त्यामुळे नुकसान दोन्हीकडे झाले. कुरबुरीचे चित्र खोटे उतरले. आणि खऱ्या अन्यायाची कथा समोर आली तेव्हा, रडून रडून थकलेल्या वाचकाला तीही नेहमीचीच वाटू लागली.

कुरबूर लिहावी कशी, हे पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे जावे. १९३४ साली पहिला भाग निघालेल्या या आत्मचरित्रात घरातले वाद पानोपानी आहेत. वडिलांचे सोवळे इतके कडक की मीठ आणि गूळसुद्धा धुऊन घ्यायचे, आणि त्यापायी साऱ्या घराचा जीव मेटाकुटीला यायचा. नवरा कवी, मनाने उदार, रागाने शीघ्र. हातात पैसा टिकायचा नाही, आणि मनात आले की न सांगता घर सोडून निघून जायचा. दुसऱ्या कोणी हीच सामग्री घेऊन छळाची एक मोठी कहाणी रचली असती. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही, आणि सगळे गोड करून झाकूनही टाकले नाही.

त्यांनी काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. टिळकांचा राग सांगताना त्या आपला हट्टही सांगतात. त्यामुळे त्यांच्या पानावर भांडायला दोन माणसे असतात, एक नव्हे. शिवाय भांडणाच्या मुळाशी काय होते ते त्या दाखवितात: घरात पैसा नाही, दारात पाहुणा उभा आहे, आणि घरधनी असलेले देऊन मोकळा झाला आहे. अशा वेळी राग स्वभावाचा किती आणि रिकाम्या डब्याचा किती, हे वाचकाला आपोआप कळते. आणि त्या हसतात. हे हसणे दुःख लपविण्यासाठी नाही. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे काही वर्षे नवराबायकोंची ताटातूट झाली, तो भाग वाचताना कोणाला हसू येणार नाही. पुढे त्या नवऱ्याजवळ गेल्या तेव्हा सोवळेओवळे बरोबर घेऊनच गेल्या, आणि ते सोडण्याची बळजबरी टिळकांनी त्यांच्यावर केली नाही. एका घरात दोन धर्म काही काळ नांदले. १९०० साली त्यांनी स्वतः धर्मांतर केले ते आपल्या मनाच्या वेगाने. एवढा मोठा मतभेद एका छपराखाली कसा पेलला गेला, याची इतकी खरी हकीकत मराठीत दुसरी मला ठाऊक नाही.

आता एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. दोन्ही बाजू मांडा म्हणणारा लेखक उद्या मारहाण करणाऱ्या नवऱ्याचीही बाजू मांडील, त्याचे काय? माझे उत्तर असे की आधी एक गोष्ट तपासावी: त्या घरात उलट बोलता येते की नाही? लक्ष्मीबाई टिळकांना उलट बोलत. भांडत, रुसत, आणि आपलेही खरे करीत. यमूला शंकरमामंजींपुढे तोंड उघडण्याची सोय नव्हती. जेथे उलट बोलता येते तेथे कुरबूर असते. तेथे लेखकाने दोघांनाही बोलू द्यावे. जेथे उलट बोलण्याची शिक्षा होते तेथे अन्याय असतो; तेथे लेखकाने जिला बोलता येत नाही तिच्या बाजूला जाऊन उभे राहावे. हरिभाऊ उभे राहिले, ते बरोबरच होते. हा निवाडा न करता लेखणी उचलली की माझ्या कादंबरीसारखी गत होते.

आणखी एक तिसरा प्रकार आहे. उलट बोलता येत असून कोणी बोलत नाही, किंवा बोलायचे ते भलत्याच विषयावर बोलते. त्याचे चित्र महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त आहे. हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले. विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्यात वडील वारले आहेत, मुंबईचा मुलगा बायकोसह आला आहे, आणि तेराव्याचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न आहे. थोरला प्रतिष्ठेला धरून बसलेला, धाकटा मुंबईच्या ओढगस्तीच्या संसाराचे गणित घेऊन आलेला. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. या नाटकात दुष्ट असे कोणी नाहीच. रात्री घरातले दागिने अंगावर घालून पाहणाऱ्या थोरल्या सुनेचाही राग येत नाही. इतकी वर्षे त्या स्वयंपाकघरात खपलेल्या बाईला ते सोने दिसते कसे, हे आपल्याला समजते.

पण मला त्या नाटकातला चंदू विसरता येत नाही. अंगणात पडून राहिलेल्या ट्रॅक्टरची त्याला ठेच लागते, पाय चिघळत जातो. सगळ्यांना दिसते. त्याला डॉक्टरकडे न्यायला कोणाला सवड होत नाही, कारण जो तो आपला वाद मनात घोळवीत बसला आहे. घरातल्या तंट्याची किंमत तंटा करणारे भरीत नाहीत. शेजारी निमूट बसलेले कोणी तरी भरते, हे एलकुंचवार एका शब्दानेही न सांगता दाखवितात. आपल्या कादंबऱ्यांत सासू-सुना भांडत असताना मुले कोठे असतात, असा प्रश्न मी त्यानंतर स्वतःला अनेकदा विचारला आहे. माझ्या कादंबरीत ती बाहेर खेळायला गेलेली असत. वर्गात माझ्यासमोर बसणारी मुले पाहिली तर ती बाहेर गेलेली नसतात, हे मास्तर म्हणून मला पहिल्यांदा कळायला हवे होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर एखादा पोर गृहपाठ न करता गप्प गप्प येऊन बसतो, तेव्हा त्याच्या घरी फराळाबरोबर आणखी काय शिजले असेल ते ओळखता येते.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच, की यंदाच्या अंकांतून कौटुंबिक कथा वाचाल तेव्हा आजींची कसोटी लावून पाहा. यातली सासू कधी जेवायला बसते का? नवरा फक्त ओरडतो, की कधी पगाराच्या आकड्याकडे बघत एकटाही बसतो? पोरे कोठे आहेत? आणि यमूसारखी जिला उलट बोलताच येत नाही, तिची कथा लेखकाने ‘दोघांचेही चुकले’ म्हणून गुंडाळली तर नाही ना? माझी कथा हाती आली तर तिलाही ही कसोटी लावा. माझी हरकत नाही.

नव्या कादंबरीत मी सासूला जेवायला बसविले आहे. सगळ्यांच्या मागून बसते, आमटी संपलेली असते, ताकावर भागवते. ते प्रकरण लिहून झाले तेव्हा सुनेचा रागही मला पहिल्यापेक्षा चांगला लिहिता आला, हे मुद्दाम सांगतो. आजींना वाचायला दिले आहे. बरोबर ‘स्मृतिचित्रे’ची माझी प्रतही नेली होती. प्रकरण त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत केले, म्हणाल्या, “आता बरी आहे, पण ताकाला मीठ घाला.” ‘स्मृतिचित्रे’ मात्र अजून परत आलेली नाही.