गेममधली पहिली वेलांटी

‘हिटमॅन २’ या गेममध्ये एक मुंबई आहे. गेम नोव्हेंबर २०१८मध्ये आला, आयओ इंटरॅक्टिव्ह या डॅनिश स्टुडिओकडून. डोक्यामागे बारकोड गोंदवलेला एजंट फोर्टी सेव्हन मुंबईत तीन माणसांना संपवायला येतो. एक दाऊद रंगन, स्वतःच हिरो होऊन सिनेमा काढणारा बडा आसामी. दुसरी वान्या शाह, झोपडपट्टीची राणी. तिसरा वझीर काळे. हा काळे दिसतो कसा हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे त्याला गर्दीतून शोधून काढणं हाच अर्धा खेळ आहे.

लेव्हल म्हणून ही मुंबई फार चांगली आहे. अर्धवट बांधलेला टॉवर, त्याच्या पायथ्याशी वस्ती, कपडे धुण्याची जागा, रेल्वेचं यार्ड, आणि या सगळ्यात ठासून भरलेली माणसं. बाकीच्या गेममध्ये गर्दी शोभेला असते. इथे तिच्यात शिरायचं, कपडे बदलायचे आणि गायब व्हायचं. मुंबईबद्दलची एक खरी गोष्ट या डॅनिश मंडळींना कळली आहे, की या शहरात लपायला भिंत लागत नाही, माणसं पुरतात.

आणि ही सगळी माणसं इंग्रजी बोलतात. वर भारतीय हेलाची फोडणी. कपडे धुणारा इंग्रजी बोलतो, चहावाला इंग्रजी बोलतो, काळे आडनावाचा माणूस मुंबईच्या गल्लीत बसून इंग्रजीत हुकूम सोडतो. आडनाव कुणीतरी यादीतून उचललं असणार. वझीर आणि काळे एकत्र कसे आले, याचं उत्तर देण्याची गेमला गरज वाटत नाही, कारण खेळणाऱ्याला तो प्रश्न पडेल असं त्यांनी धरलेलंच नाही. मला पडला. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही, पण आपण त्यांच्या हिशेबात नव्हतो हे कळतं.

डॅनिश लोकांवर चिडणं सोपं आहे. मग पुण्यातल्या स्टुडिओचं काय, ते बघू.

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम. स्टुडिओ पुण्याचा. २०१७मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी मंडळी चिकटून राहिली आणि १८ ऑगस्ट २०२०ला गेम निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होतं. सर्कशीत वाढलेली राजी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, हातात त्रिशूळ, आणि वरून बघत आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू.

दिसायला गेम देखणा आहे. राजस्थानी किल्ल्यांची ठेवण, पहाडी चित्रांचे रंग, भिंतींवर थांबून बघावीत अशी चित्रं, आणि गोष्ट पुढे नेणारे सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रसंग. मारामारी मात्र लवकर एकसुरी होते. उडी, त्रिशूळ, उडी, त्रिशूळ. कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे दोनदा दरीत पडल्यावर दोष राजीचा की कॅमेऱ्याचा, हे ठरवता येत नाही. पाचेक तासांत गेम आटपतो आणि गोष्ट ऐन मोक्यावर सोडून देतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. राजी ‘भारतीय’ आहे, पण कुठली आहे? ती राजस्थानातल्या पर्यटन खात्याच्या पोस्टरइतकी भारतीय आहे. स्टुडिओपासून एका दिवसाच्या अंतरावर, कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीत, ठाकर समाजाच्या घरांत चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे. तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या गावाच्या, म्हणजे देवगाव रंगारीच्या, उशाशी वेरूळ आहे. तिथलं कैलास लेणं एका खडकातून वरून खाली कोरत आणलेलं आहे. लेव्हल डिझाइन करणाऱ्याला याहून चांगला नकाशा कोण देणार? आधी कळस, मग सभामंडप, मग हत्ती. खेळणारा शिखरावर सुरू करून पायथ्याला संपवेल.

पुण्यातल्या स्टुडिओने मराठीच गेम करावा असा काही नियम नाही, आणि तसा आग्रह धरणाऱ्यांशी माझं जमतही नाही. पण राजीचे देव पहिल्यांदा बोलले ते इंग्रजीत. हिंदी आवाज २०२२च्या सुधारित आवृत्तीत आले. म्हणजे जगासाठी इंग्रजी, देशासाठी हिंदी. मराठीची पाळी येईपर्यंत यादी संपते.

आता याच्यासमोर ‘वेंबा’ ठेवा. २०२३मध्ये आलेला, टोरंटोतल्या विसाई गेम्सचा. कॅनडात स्थायिक झालेलं तमिळ कुटुंब, आई वेंबा, मुलगा कविन. आईच्या आईची रेसिपीची वही फाटलेली आहे, शाई पसरली आहे, आणि आपण उरलेल्या ओळींवरून पदार्थ करायचा. पहिलीच परीक्षा इडलीची. दीड-दोन तासांचा गेम. त्यात कुणी जग वाचवत नाही. मुलगा शाळेत जातो आणि हळूहळू आईची भाषा त्याच्या हातून सुटते, एवढंच घडतं. या गेमला २०२४मध्ये पदार्पणाचा बाफ्टा मिळाला.

वेंबाने देवांना हात लावला नाही, किल्ल्यांना लावला नाही. भाषाच खेळ झाली. वहीतला पुसलेला शब्द ओळखता आला तर इडली फुगते. राजीत त्रिशूळाच्या जागी कुऱ्हाड ठेवली तरी गेम तसाच चालेल. वेंबातून तमिळ काढली तर खाली काहीच उरत नाही. ‘आपल्या संस्कृतीवरचा गेम’ असं जिथे जिथे छापलेलं दिसतं, तिथे मी आता हीच चाचणी लावतो.

तर मराठी गेममध्ये नाही का? आहे. फक्त गेमने ती दिलेली नाही.

राजी स्विचवर आला त्यानंतर पंधरा दिवसांनी, २ सप्टेंबर २०२०ला, पबजी मोबाइलवर बंदी आली. आमच्या गावात पहिली बातमी कुणाला कळली नाही, दुसरी पाच मिनिटांत सगळ्यांना. पुढे २ जुलै २०२१ला बीजीएमआय आला, २०२२च्या जुलैत स्टोअरवरून गायब झाला, २०२३च्या मेमध्ये परतला. पोरं टिकून आहेत. पारावर चौघं बसलेले असतात, चौघांच्या कानात इअरफोन, आणि कानावर पडतं ते हे: “कामून थांबला रे? मागून येऊ राह्यला ना तो!” “नॉकलो, नॉकलो, रिव्हाइव्ह दे लवकर.” “पोचिंकीत नको उतरू, लई गर्दी हाय.” इंग्रजी क्रियापदाला मराठी प्रत्यय लावून ‘नॉकलो’ करणं हे कुठल्या परिभाषा समितीचं काम नाही. त्यात ‘लूट’ हा शब्द तर इथूनच इंग्रजीत गेलेला, तो आता परतफेड म्हणून स्क्रीनवर येतो. ‘अवतार’चंही तेच.

म्हणजे मराठी आवाजात आहे, स्क्रीनवर नाही. पोरं मराठीत जिंकतात आणि इंग्रजीत निकाल वाचतात.

स्क्रीनवर ती का नाही, याचं एक उत्तर बाजार हे आहे. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख. पोलिश बोलणारे याच्या निम्मे, तरी मोठ्या गेममध्ये पोलिश नेहमी सापडते. फरक असा की पोलंडचा खेळणारा गेम विकत घेतो आणि आपण फुकटचा खेळतो. हे मान्य केलंच पाहिजे.

दुसरं उत्तर माझ्या धंद्यातलं आहे, आणि ते मला जास्त छळतं.

फोनवरच्या कितीतरी गेमच्या पोटात युनिटी नावाचं इंजिन असतं. गेम इंजिन स्क्रीनवरची अक्षरं स्वतः काढतं, फोनच्या सिस्टिमला विचारत नाही. युनिटीत वर्षानुवर्षं वापरात असलेलं टेक्स्टमेशप्रो हे साधन अक्षरं ज्या क्रमाने साठवली आहेत त्याच क्रमाने एकापुढे एक मांडतं. इंग्रजीला ते चालतं. देवनागरीत ‘शि’ साठवताना आधी श येतो, मग वेलांटी. काढताना मात्र वेलांटी डावीकडे हवी. हे कुणी सांगितलं नाही तर वेलांटी श-नंतर पडते आणि पुढच्या व-ला जाऊन चिकटते. ‘शिवाजी’चं ‘शविाजी’ होतं. गडकिल्ल्यांवर गेम करायचा आणि मेन्यूत हे नाव! जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात, रफार शेजारी हलन्त र होऊन उभा राहतो.

यावर युनिटीवाल्यांत चालणारा तोडगा काय? युनिकोडमधला मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत बदलून घ्यायचा. हे वाचून घरातली मोठी माणसं हसतील. मायबोली १९९६पासून आहे. त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं प्रत्येक मराठी वर्तमानपत्राचा स्वतःचा फॉन्ट असे. आधी फॉन्ट उतरवायचा, मग बातमी वाचायची, नाहीतर स्क्रीनभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, पण ती नीट काढणारी यंत्रणा सगळीकडे पोचायला दीड-दोन दशकं गेली. वेबने हा प्रश्न सोडवला. गेमने तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

सोडवणारी वस्तू फुकट उपलब्ध आहे. हार्फबझ तिचं नाव, फारसीत ‘उघडं अक्षर’. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, सगळे तीच वापरतात. मार्च २०२३मध्ये आलेल्या गोडो ४ या इंजिनात ती आहे. अनरिअलमध्येही आहे, आणि राजी अनरिअलवर बनलेला आहे, म्हणजे तिथे वेलांटीची सबब चालत नाही.

हिंदी नीट दिसली म्हणजे मराठी नीट दिसेल, हाही भ्रम आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात बोट बुडते, दुसऱ्यात माणूस पडतो. ही ऱ्य-ची चंद्रकोर हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदीवर तपासलेला फॉन्ट इथेच मार खातो. ल आणि श यांचं मराठी वळणही वेगळं. मराठी गेमची चाचणी घ्यायची तर ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे चार शब्द टाकून बघायचे. मेन्यूतलं ‘सुरू करा’ नंतर.

आता एक वळसा. ब्राउझरमध्ये मराठी आजच अचूक दिसते. ट्वाइन नावाचं साधन २००९पासून आहे, शब्दांवर चालणारे, निवड करत पुढे जायचे गेम त्यात करता येतात, आणि शेवटी हातात येते ती फक्त एक एचटीएमएल फाइल. इंजिन नाही, फॉन्टची भानगड नाही. अशा फाइलला सर्व्हर भाड्याने घ्यावा लागत नाही. गिटहब पेजेस किंवा इच डॉट आयओवर ती फुकट राहते, आणि लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की सात हजारांच्या फोनवरही उघडते.

मी असा एक करून पाहिला. बोअर घ्यायचा गेम. तुमच्याकडे ठरावीक पैसे, दोन एकर रान. पाणाड्या तळहातावर नारळ धरून बांधाकडे बोट दाखवतो, चुलता विहिरीजवळ म्हणतो, गाडीवाला फुटाचा भाव सांगतो. दोनशे फुटांवर ओल लागते. थांबायचं की अजून शंभर? गेम दहा मिनिटांचा, फाइल एका फोटोहून लहान. चित्र नाही, आवाज नाही. गेम म्हणून तो कच्चा आहे, राजीच्या एका भिंतीची सर त्याला नाही.

पण तो पारावर गेला. त्या चौघांपैकी एकाने तीनदा खेळून मला मेसेज टाकला की तिन्ही वेळा कोरडा लागला, जिंकायचं कसं ते सांगा. दुसऱ्याने विचारलं, फुटाचा भाव जुना कामून ठेवला? तिसरा म्हणाला, आमच्या रानात दोनशेवर ओल लागत नाही, खडक लागतो, हे बदला. भाव बदलला, खडक टाकला. जिंकायचं कसं, यावर पारावर अजून वाद चालू आहे. पाणाड्याचं ऐकायचं म्हणणारे दोन आहेत, बोअरच घेऊ नये म्हणणारा एक, आणि चौथा दोनशे फुटांवर थांबून उरलेल्या पैशात शेळ्या घ्यायचा पर्याय मागतोय.