अडकित्त्यापुढची रांग

शाळेतल्या मुलांना वस्तुसंग्रहालय दाखवायचे म्हणजे नेमके काय करायचे, याबाबत शिक्षणतज्ज्ञांचे आणि माझे जुने मतभेद आहेत. त्यांना ते ठाऊक नाहीत, एवढेच.

पुण्यात बाजीराव रोडला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. घरी पाहुणे आले की मला तिथे जावेच लागते, आणि हमखास एखादी शाळा आडवी येते. शाळेचे नाव सांगत नाही. कुठलेही घाला, बसेल. दोनदोनची रांग, पुढे बाई, मागे सर, आणि 'हात लावू नका, बोलू नका, पुढे चला' ही त्रिसूत्री. तासाभरात सगळे मजले खलास! पोरांना दिसते ती पुढच्या पोराची मान. थांबलीच, तर वही उघडून पाटी उतरवून घेतात. डोळे पाटीवर, हात वहीवर. अडकित्ता बिचारा काचेआड आ वासून बसलेला.

आता अडकित्ताच तर पाहायचा असतो! दिनकर केळकर चष्म्याच्या धंद्यातले, शिवाय 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारे. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला तो कायमचा. जमवल्या किती, तर सुमारे २०,०००. आणि त्यांत काय काय? दिवे, कुलपे, फण्या, टाच घासायच्या वज्र्या. बखरीत ज्यांची नावे नाहीत अशा माणसांनी घडवलेल्या आणि वापरून झिजवलेल्या वस्तू. अहो, टाच घासायची ती वज्री, तिच्यावर पाखरे बसवायची कुणाला हौस आली असेल? हा प्रश्न दहा वर्षांच्या पोराला हटकून पडतो. पण पडेपर्यंत 'पुढे चला'!

१९७५ साली केळकरांनी हा सारा संसार सरकारच्या हवाली केला. नाव दिलेले होते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे. एका लहान मुलाच्या नावाचे हे घर, आणि इथे आलेल्या मुलांनी तोंड उघडायचे नाही.

एकदा एका मुलीने उघडले. "बाई, आमच्या आजीकडे आहे असा. तिच्या अडकित्त्याला घुंगरू आहेत." बाई म्हणाल्या, "नंतर सांग हं." नंतर समोसे आले.

हल्ली कार्यशाळा निघाल्या आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने २०१५ साली संग्रहालयाची बसच काढली आणि २०१९ साली मुलांसाठी वेगळे संग्रहालय उघडले. मुंबईचे कौतुक पुणेकराच्या घशात अडकते, तरी हे मी गिळून सांगतो. पण कार्यशाळेच्या नावाखाली काहीही खपते. अशी एक मी पाहिली आहे (कुठे ते विचारू नका). आवारात सतरंजी, प्रत्येकाला मातीचा गोळा, तासाभरात तीस गणपती. छान होते हो गणपती! पण ते शाळेच्या व्हरांड्यातही झाले असते. आतल्या एकाही मूर्तीपाशी कुणी गेले नाही. वेळ संपली होती.

माझे मागणे मोठे नाही. एका वर्गाला एकच कपाट द्या. वह्या बसमध्ये राहू देत. कपाटासमोर बसकण मारू द्या, घरी असे काही आहे का ते विचारा, आणि घुंगराचे सांगणारी कुणी निघालीच तर समोसे जरा थंड होऊ देत.